बेवड, बुरशी आणि तुरीची मर

सदाशिव पेठेतल्या वाण्याकडची तूरडाळ आपल्या रोजच्या वरणात असते, पण तुरीचे झाड आपल्यापैकी अनेक शहरी शिक्षकांनी जवळून पाहिलेले नसते. माणसाच्या उंचीचे हे झुडूप जून-जुलैत पेरले जाते आणि पाच-सहा महिने शेतात उभे असते. पावसाळा संपून फुले-शेंगा धरू लागल्या की काही शेतांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. कालपर्यंत हिरवे असलेले झाड पिवळे पडते, माना टाकते आणि उभ्या उभ्या वाळून जाते. शेजारचे झाड मात्र धडधाकट! शेतकरी म्हणतो, तुरीला मर लागली. जमिनीत ओल आहे, तरी झाड पाण्यावाचून मरावे तसे मरते. असे का व्हावे?

अशा झाडाच्या खोडाची साल जमिनीलगत सोलून पाहिली, तर आतल्या लाकडावर तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या. मातीतली एक बुरशी बारीक मुळांतून आत शिरते आणि या वाहिन्यांत वाढते. वाहिन्या तुंबल्या की मुळे पाण्यात असूनही पाने तहानलेली राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने वाईट गोष्ट ही, की मशागत, खुरपणी असा सगळा खर्च झाल्यावर, ऐन शेंगा भरण्याच्या वेळी झाड जाते.

या बुरशीचा माग काढला एडविन जॉन बटलर या शास्त्रज्ञाने. शिक्षणाने तो वैद्यकीय डॉक्टर. १९०१ साली तो वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासासाठी सरकारी नोकरीत भारतात आला आणि पुढे बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करू लागला. मेलेल्या तुरीच्या मुळांवर त्याला एक नव्हे, अनेक बुरश्या सापडत. अमेरिकेत कापसाच्या अशाच रोगासाठी 'निओकॉस्मोस्पोरा' या बुरशीला जबाबदार धरले गेले होते, आणि ती इथेही हजर होती. पण गुन्ह्याच्या जागी सापडला तो गुन्हेगार, असे मानायला बटलर तयार नव्हता. ती बुरशी नुसती मेलेल्या मुळांवर जगणारी आहे, झाड मारणारी वेगळीच आहे, असा निष्कर्ष त्याने १९१० साली प्रसिद्ध केला. खऱ्या मारेकरी बुरशीला त्याने 'फ्युजेरियम उडम' हे नाव दिले. तेच नाव आजही चालते.

आपल्या भागात त्या काळी तुरीपेक्षा मोठी चिंता होती कापसाच्या मरीची. मध्य प्रांतातील कापसाच्या मरीवर अजरेकर आणि बाळ यांचा लेख १९२१ साली प्रसिद्ध झाला. पुढची काही वर्षे रोगाच्या कारणाबद्दल संशोधकांत एकमत नव्हते. जमिनीतल्या ॲल्युमिनियमकडेही बोट दाखवले गेले. मुंबई इलाख्यातील कापसाच्या मरीचा सविस्तर अभ्यास जी. एस. कुलकर्णी यांनी १९३४ साली प्रसिद्ध केला. हे काम पुण्याचे. सदाशिव पेठेतून लकडी पूल ओलांडून पुढे गेले की शिवाजीनगरला शेतकी महाविद्यालय लागते, तिथे बी. एन. उप्पल, कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी काम करीत. बुरशी मातीत असली तरी मर दर वर्षी सारखी लागत नाही, कारण मातीचे तापमानही महत्त्वाचे असते. साधारण २० ते २७ अंश सेल्सिअसला कापसाची मर जोर करते, माती त्याहून बरीच तापली की मंदावते. म्हणून मर न लागणारी झाडे निवडायची, तर शेतातल्या लहरी हवामानावर विसंबून चालत नाही. रोगट माती मुद्दाम त्या तापमानाला ठेवून तिच्यात रोपे वाढवायची आणि जी तगतील त्यांचेच बी पुढे न्यायचे. रोगाशी लढायला रोगट मातीच हत्यार म्हणून वापरण्याची ही कल्पना आम्हाला त्या काळातील सर्वांत मोलाची वाटते. मर सहन करणारे देशी कापसाचे वाण, उदाहरणार्थ खानदेशातला 'जरीला', त्याच काळात पसरले.

इथे एक मजेची गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडची कापसाची मर देशी कापसाला लागते, अमेरिकन जातीच्या कापसाला सहसा लागत नाही. अमेरिकेत मर पडे ती हलक्या, आम्लधर्मी जमिनीत. आपली मर भारी काळ्या जमिनीतली. बुरशी एकाच जातीची, पण तिचे वंश वेगळे. भारतातल्या म्हणून ओळखल्या गेलेल्या वंशाशी जुळणारी बुरशी २००१ साली कॅलिफोर्नियातील कापसात सापडली आणि तिथल्या लांब धाग्याच्या पिमा कापसाला तिने हैराण केले.

आता पुन्हा तुरीकडे येऊ. मारेकरी ओळखला, मग त्याला मारून का टाकू नये? अडचण अशी, की ही बुरशी मातीत पडलेल्या तुरीच्या मुळांत आणि धसकटांत सुमारे तीन वर्षे तग धरते. एकरभर शेताच्या वीतभर थरात लाखो किलो माती असते. तेवढी माती औषधाने धुऊन काढणे परवडणार नाही, आणि काढली तरी तिच्यातले इतर सगळे जीवही मरतील. हे 'इतर सगळे' कोण, हा प्रश्न संशोधकांना हळूहळू पडू लागला. पुसा येथेच मॅक्रे आणि शॉ यांनी तुरीच्या मरीवर खतांचा काय परिणाम होतो ते तपासून १९३३ साली प्रसिद्ध केले. सुपरफॉस्फेट दिलेल्या जागी मर वाढली, तागाचे हिरवळीचे खत गाडले तिथे ती कमी झाली. ताग काही बुरशीनाशक नव्हे. तो कुजताना मातीत असंख्य जीवांची गर्दी होते आणि त्या गर्दीत फ्युजेरियमला पुरेसे अन्न व जागा मिळत नाही, असे आज त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आपल्या शेतकऱ्याकडे या विषयाला एक शब्द फार पूर्वीपासून आहे: बेवड. आधीचे पीक जमिनीवर जो परिणाम मागे ठेवून जाते तो बेवड. कुठल्या पिकाला कशाचा बेवड चांगला आणि कशाचा वाईट, हे घरातली जुनी माणसे सहज सांगतात. विद्यार्थ्यांनी गावाकडच्या आजी-आजोबांना विचारून अशी यादी जरूर करावी. तसेच ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची पद्धत. तिच्यामागे अन्नधान्याचा आणि पावसाच्या जुगाराचा विचार होताच, पण मरीच्या दृष्टीनेही ती शहाणपणाची ठरली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या संस्थेतील प्रयोगांचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर नुसत्या तुरीपेक्षा कमी आढळली, आणि मध्ये एक वर्ष ज्वारी घेतली तरी ती घटली. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये बुरशीला रोखतात, असे एक कारण दिले जाते.

ज्वारीच्या मुळांत आणखीही कोणी राहते. १८८५ साली ए. बी. फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाचे मूळ आणि बुरशी यांच्या जोडीला 'मायकोरायझा' हे नाव दिले. मोहरी-कोबीचे कुळ सोडले तर आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांत अशा बुरश्या असतात. त्यांचे तंतू मुळांच्या पलीकडे मातीत पसरतात आणि जागचा फारसा न हलणारा फॉस्फरस आणून देतात. बदल्यात झाडाने तयार केलेली साखर घेतात. स्फुरदयुक्त खत सढळ हाताने दिले की झाडाला या भागीदाराची गरज उरत नाही आणि मुळांतली बुरशी कमी होते. शेतीतली ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणूनच तिचे खत तयार करताना बहुधा ज्वारी किंवा मका कुंडीत लावून त्यांच्या मुळांवर ती पोसतात.

हे सगळे जीव ओळखायचे तर त्यांचे नमुने जपून ठेवावे लागतात. शं. पु. आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था सुरू केली. १९९२ पासून तिची प्रयोगशाळा आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथल्या वाळवलेल्या बुरश्यांच्या संग्रहाला वर उल्लेखलेल्या अजरेकरांचे नाव दिलेले आहे, आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे.

तुरीचे रोगप्रतिकारक वाणही पुढे आले. 'मारुती' हा वाण कर्नाटकात १९८६ साली प्रसारित झाला, पण त्याचे मूळ बी महाराष्ट्रातले, जालना जिल्ह्यातील बदनापूरकडून आलेले. मर लागणाऱ्या भागात त्याने शेतकऱ्यांना मोठा आधार दिला. तरीही फ्युजेरियम उडमचे अनेक प्रकार भारतात आहेत, आणि एका भागात तगलेला वाण दुसऱ्या भागात तगेलच असे नाही. त्यातच ज्वारीचे क्षेत्र घटले आणि अनेक ठिकाणी तुरीवर तूर होऊ लागली, म्हणजे बुरशीला तिचे आवडते मूळ दर वर्षी हजर.

आज पेरणीपूर्वी बियाण्याला 'ट्रायकोडर्मा' ही बुरशी चोळण्याची शिफारस केली जाते. १९३२ साली वाइंडलिंग याने दाखवले होते, की ही हिरवट बुरशी दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांच्यावर जगते. तिची पुडी कृषी सेवा केंद्रात मिळते. मात्र तिच्यात नुसती भुकटी नसून जिवंत बीजाणू असतात. पुडी उन्हात पडून राहिली किंवा तिची मुदत उलटून गेली तर बियाण्याला नुसते पांढरे पीठ चोळल्यासारखे होते; आणि शेणखत न मिळालेल्या रोडावलेल्या जमिनीत चांगल्या पुडीतल्या बुरशीलाही खायला काही सापडत नाही.