काच उन्हासाठी, चौकट लोकांसाठी

ऊन अडवण्याच्या कामात चौकोनाचा काहीही हात नाही. तेवढ्याच मापाच्या गोल फ्रेममध्ये तीच काच बसवली तरी डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड जवळपास तेवढाच राहतो. तरीही फुटपाथवरच्या गॉगलवाल्याच्या फळीवर आणि मॉलमधल्या कपाटात चौकोनी गॉगल ऐसपैस जागा अडवून बसलेला असतो. तो तिथवर कसा आला हे पाहायचं तर दोन घराण्यांचा माग काढावा लागतो, एक काचेचं आणि दुसरं चौकटीचं. या दोघांची सोयरीक फार उशिरा जुळली.

सुरुवातीला तर काच नव्हतीच. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी वॉलरसचे सुळे, हाडं आणि समुद्राने वाहून आणलेलं लाकूड कोरून डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या केल्या. त्यांत आडवी बारीक फट असे. बर्फावरून उसळणारा उजेड डोळे भाजून काढतो. फट अरुंद ठेवली की तो बाहेरच राहतो आणि शिकारीपुरतं दिसतं. अशा पट्ट्यांचे सुमारे दोन हजार वर्षं जुने नमुने सापडले आहेत. उन्हाशी खरोखर चौकट लढली ती इथेच. पुढे हे काम काचेने घेतलं आणि चौकटीकडे काच नाकावर धरून ठेवण्यापलीकडे काही उरलं नाही.

काचेचं घराणं मात्र उन्हापासून सुरू होत नाही. चीनमध्ये धुरकट स्फटिकाची सपाट भिंगं वापरात होती. न्यायाधीश ती लावत, म्हणजे साक्ष ऐकताना त्यांचे डोळे कुणाला वाचता येत नसत, असं सांगतात. लंडनचा चष्मेवाला जेम्स ॲस्कॉ याने १७५२च्या सुमारास निळ्या-हिरव्या काचांची शिफारस केली, कारण पांढऱ्या काचेतून येणारा उजेड त्याला डोळ्यांना जाचक वाटत होता. विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाचं काम भट्टीशी जोडलेलं होतं. काच वितळवणाऱ्या कामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय म्हणून त्याने शेकडो मिश्रणं तपासली आणि १९१३ मध्ये सेरियम मिसळलेली, अतिनील किरण शोषणारी काच मांडली. आजच्या गॉगलच्या काचेची खरी पणजी हीच.

चौकट या सगळ्या काळात बहुधा गोल किंवा लंबगोल राहिली. भिंग घासून तयार होतं ते गोल फिरवून, आणि धातूची तार त्याभोवती गोल वळवणं सोपं. कोपरा काढायचा म्हणजे काच तिरकी कापा, तार मोडू न देता दुमडा. एवढी उस्तवार कोण करणार? तरी काहींनी केली. एकोणिसाव्या शतकात युरोपात आगगाडीच्या प्रवाशांसाठी धूळ आणि ठिणग्या अडवणारे चष्मे निघाले. पुढे दोन आणि कानशिलाकडे दोन अशा चार रंगीत काचा, आणि त्यांचा आकार एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने अर्धगोल. काचा बिजागरीवर एकमेकींना भिडायच्या, म्हणून ती कड सरळ ठेवणं भाग होतं. चौकोनी गॉगलच्या पूर्वजांत सरळ रेष आली ती अशी, सोयीपोटी.

गॉगल बाजारात उतरला तो १९२९ मध्ये. सॅम फॉस्टरने अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी, वूलवर्थच्या दुकानात सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल मांडले. १९३७ मध्ये बॉश अँड लॉम्बने वैमानिकांसाठी बेतलेला गॉगल रेबॅन या नावाने लोकांसाठी काढला. त्याची काच थेंबासारखी खाली उतरते, कारण वैमानिकाची नजर सारखी खालच्या उपकरणांकडे वळते. या आकाराला काम होतं. चौकोनाला अजून तसं काम सापडायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ते पुढेही फारसं सापडलं नाही. त्याला आणलं ते नव्या मालाने.

तो माल म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यापासून होणारा हा पदार्थ सेल्युलॉइडसारखा भडकन पेट घेत नाही. इटलीत कास्तिल्योने ओलोना इथे १८४९ पासून कंगवे आणि बटणं करणारं माझुक्केली घराणं पुढे ॲसिटेटच्या पत्र्यांसाठी नावाजलं. या जाड, रंगीत पत्र्यातून फ्रेम कापून काढतात, मग लाकडी तुकडे भरलेल्या पिंपांत कित्येक तास घोळवून गुळगुळीत करतात. तारेला जे अवघड होतं ते पत्र्याला सोपं झालं. कापणाऱ्याला वक्र आणि कोपरा सारखेच. वर जाडी ठेवा, खाली कमी करा, कडेला टोक काढा. पत्रा कुरकुर करत नाही.

१९५२ मध्ये बॉश अँड लॉम्बच्या रेमंड स्टेगमनने याच मोकळिकीतून रेबॅनचा वेफेअरर काढला. नीट पाहिलं तर तो चौकोन नव्हेच, समलंब आहे: वर रुंद, खाली निमुळता, वरचे कोपरे बाहेर झेपावलेले. त्या काळच्या कॅडिलॅक गाडीच्या शेपटाशी त्याची तुलना होते. धातूचा पायलट गॉगल चेहऱ्यावर हलका टेकतो. वेफेअरर भुवयांच्या जागी स्वतःच्या भुवया बसवतो. लष्करालाही सरळ रेष पटली, पण वेगळ्या कारणाने. १९५८ मध्ये अमेरिकन ऑप्टिकलने वैमानिकांसाठी जवळपास आयताकृती काचांचा, सरळ काड्यांचा धातूचा गॉगल केला. शिरस्त्राण न काढता काड्या आत सरकवता याव्यात, ही त्यामागची गरज.

मग सिनेमाने दंतकथा रचल्या. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ (१९६१) मध्ये ऑड्री हेपबर्नने वेफेअरर घातला होता, असं सर्रास छापून येतं. तो होता लंडनच्या ऑलिव्हर गोल्डस्मिथचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या नाकावरचा गॉगलही बहुतेकांना वेफेअररच वाटतो. तो अमेरिकन ऑप्टिकलचा होता. म्हणजे तोवर आकाराने ब्रँडला मागे टाकलं होतं. दिसला चौकोन, की म्हणा वेफेअरर.

कीर्ती असली तरी खप टिकला नाही. १९८१ मध्ये वर्षाला फक्त १८,००० वेफेअरर विकले गेले आणि तो बंद करण्याची वेळ आली. १९८२ मध्ये बॉश अँड लॉम्बने चित्रपटांत आपला माल दिसावा म्हणून एका संस्थेशी करार केला. १९८३ मध्ये ‘रिस्की बिझनेस’मध्ये टॉम क्रूझने तो घातला, आणि त्या वर्षी विक्री ३,६०,००० वर गेली. काच तीच, ऊनही तेच. बदलला फक्त नाकाचा मालक. नव्वदीत पुन्हा ओहोटी लागली. १९९९ मध्ये रेबॅन हा ब्रँड इटलीच्या लक्झॉटिका कंपनीकडे गेला. २००१ मध्ये वेफेअरर लहान झाला आणि त्याचा पुढे झुकलेला कोन कमी केला गेला. मूळचा कोन इतका तिरका होता की गॉगल डोक्यावर चढवून ठेवणंही जमत नसे. मग जुन्याची मागणी वाढली आणि २००७ मध्ये मूळ नमुना परत आणावा लागला.

आपल्याकडे रेबॅनचं नाव माहीत नसलेलाही चौकोनी गॉगल ओळखतो. कुलाबा कॉजवेपासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत त्याच्या नकला लटकलेल्या असतात. साच्यात प्लास्टिक ओतून केलेला माल तासात उभा राहतो, त्याला पिंपात घोळवायची गरज नाही. चौकट नक्कल करायला सोपी, काच अवघड. म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुधा चौकटीचंच घराणं.

घेणाऱ्याची फसगत इथेच होते. काच जितकी काळी तितकं संरक्षण जास्त, असं मुळीच नाही. अतिनील किरण न अडवणारी गडद काच उलट घातक ठरू शकते, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला दार उघडं मिळतं. म्हणून काचेला प्रश्न विचारायचे ते आकड्यांचे. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. गडदपणाच्या तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, आपल्या उन्हाळ्याला ती पुरते. चौथ्या श्रेणीची लावून गाडी चालवू नये. डांबरी रस्त्यावरची किंवा पाण्यावरची चकाकी छळत असेल तर पोलराइज्ड घ्यावी.

चौकटीचे प्रश्न वेगळे. काडीच्या आतल्या बाजूला ५४□१८ असं काही लिहिलेलं असतं: काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, दोन काचांमधलं अंतर १८. मधला चौकोन सांगतो की माप काचेभोवती कल्पिलेल्या चौकटीतून घेतलंय, मग फ्रेम गोल का असेना. आपल्याला नीट बसणाऱ्या जुन्या चष्म्यावरचे आकडे पाहून गेलं तर निम्मं काम होतं. गोल चेहऱ्याला कोपरे उठाव देतात; मुळात रुंद जबड्याला ते आणखी रुंद करतात. फ्रेमची वरची कड भुवयांच्या रेषेबरोबर जावी, हसताना खालची कड गालाला टेकू नये. यापलीकडचे सगळे नियम आवडीनिवडीचे.

दुकानात बहुतेक जण आधी आरशात पाहतात, मग किंमत विचारतात आणि काचेची चौकशी जमली तर करतात. हा क्रम उलटा लावावा: आधी काच पारखून घ्यावी, मग माप जुळवावं, आणि मग आरशापुढे हवा तेवढा वेळ घालवावा. चौकोन निव्वळ रुबाबासाठी आहे, हे एकदा मान्य केलं की तो रुबाब मनसोक्त करायला कुणाचीच हरकत नसावी.