बोटीवरचं ताट



मुलानं मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढली तेव्हा सांगलीच्या आमच्या घरात सासूबाईंचा पहिला प्रश्न आला, "बोटीवर आपलं जेवण कसं गं?" त्यांचं माहेर साताऱ्याचं. रात्री न जेवण्याचा नियम लग्नाआधीपासूनचा.

हा प्रश्न जुना आहे. 1888 मध्ये मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा आईची परवानगी मिळाली ती बेचरजी स्वामी या जैन साधूंमुळे. मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य, ही प्रतिज्ञा त्यांनीच दिली. तरी मुंबईत जातीनं त्यांना वाळीत टाकलं आणि निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला! 4 सप्टेंबरला बोट सुटली. काटे-चमचे धरता येत नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायची लाज वाटे. म्हणून ते टेबलावर न जाता खोलीतच जेवत, मुख्यतः घरून नेलेली मिठाई आणि फळं. प्रतिज्ञा पाळली, पण लपून जेवून.

1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आचार्य विजयानंदसूरींना आलं. साधू बोटीत बसत नाहीत, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं. समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच समाजातल्या काहींनी त्यांनाही बोल लावला.

साहेबाच्या बोटीवर विचारायचं तरी कुणाला? पुढे 5 एप्रिल 1919 रोजी भारतीय मालकीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. तिच्यामागे नरोत्तम मोरारजींबरोबर होते सोलापूरचे वालचंद हिराचंद, आपल्याच दिगंबर समाजाचे. सांगलीतलं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं, हे आपल्या मुलांनाही सांगायला हवं. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

आमच्या बोटीवर जैन जेवण होतं, तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवलेलं. कांदा, लसूण, बटाटा नको हे वाढणाऱ्यांना पाठ होतं. पण जेवणघर उघडणार साडेसातला आणि डिसेंबरातला सूर्य सहाच्या सुमारास मावळणार. मी पिशवीतले खाकरे आणि लाडू काढू लागले. सासूबाई मात्र उठल्या, तिथल्या मुलाजवळ गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "बाळा, मी दिवस मावळल्यावर जेवत नाही. आधी काही मिळेल का?"

त्यानं आत जाऊन विचारलं. पाऊण तासानं गरम फुलके, मुगाची आमटी, दुधीची भाजी आणि भात आला. सासूबाईंनी णमोकार म्हटला आणि सगळ्यांसमोर, समुद्राकडे तोंड करून निवांत जेवल्या.

मैत्रिणींनो, प्रवासात डबा जरूर न्या. पण आधी विचारा. नियम आपला असला की सांगायची लाज कसली?