हळद तिकडं गेली, बेदाणा इकडं आला

आज इतिहासावर बोलायचं आहे, पण लढायांच्या नाही, चुलीजवळच्या. इराणी, म्हणजे जुन्या बोलीत फारसी, स्वयंपाकाचा आपल्या घराशी काय संबंध, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, "ताई, आम्ही कुठं इराणी जेवण करतो?" करतो, फक्त त्या नावानं ओळखत नाही.

आपल्या गावापासूनच सुरुवात करू. रहिमतपूर या नावातला 'रहमत' म्हणजे दया. शब्द मूळचा अरबी, पण आपल्याकडं आला फारसीतून. गावात जुनी मशीद आहे आणि आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. ही सत्ता 1490 च्या सुमारास उभी राहिली आणि 1686 मध्ये संपली. दरबाराची भाषा फारसी. इराणातून सरदार आले, व्यापारी आले, लेखनिक आले. त्यांच्याबरोबर भांडी आली, सुका मेवा आला आणि पदार्थांची नावंही आली.

ती नावं आजही आपल्या तोंडी आहेत. पुलाव, बदाम, पिस्ता, पुदिना, तंदूर हे सगळे फारसीतले. भाताला आपण 'दम' देतो, तो दम म्हणजे श्वास. शिरखुर्म्यातला शिर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. दिवाळीच्या शंकरपाळीचा शंकराशी काही संबंध नाही. मूळ शब्द शकरपारा, म्हणजे साखरेचा तुकडा. आणि गंमत अशी, की फारसीतला 'शकर' आपल्या 'शर्करा'वरूनच गेलेला. लेक सासरी गेली आणि नवं नाव घेऊन माहेरी आली, तसंच झालं हे.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत शब्द सुचवले होते. कचेरीत त्याचा उपयोग झाला. पण स्वयंपाकघराला कुणी हुकूम देऊ शकत नाही. तिथं बाईच्या तोंडात बसलेला शब्द आणि हातात बसलेली चव दोन्ही टिकली.

देवाणघेवाण एका बाजूनं झाली नाही. इराणी कालवणात हळद लागतेच. तिकडं तिला 'जर्दचूबे' म्हणतात, म्हणजे पिवळं लाकूड. हळद आपल्या बाजूची. उलट तासगावच्या बेदाण्याचं नाव फारसी आहे. बे-दाणा, म्हणजे ज्यात बी नाही तो. आज सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा दोन्ही नावाजलेले आहेत.

म्हणूनच घरी करून बघायला एक पदार्थ सांगते, 'अदस पोलो'. अदस म्हणजे मसूर. आपल्या कराड-इस्लामपूर भागात अख्खा मसूर कुणाला शिकवायला नको! दोन वाट्या लांब तांदूळ मीठ घालून भिजवा, अर्धवट शिजवून पाणी काढून टाका. एक वाटी अख्खा मसूर वेगळा शिजवा, पण मोडू देऊ नका. दोन कांदे लालसर परता, त्यात हळद, दालचिनीची पूड आणि अर्धी वाटी बेदाणा घाला. पातेल्यात तेल तापवून भात, मसूर, कांदा असे थर लावा. झाकणाला फडकं गुंडाळा आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास दम द्या. तिखट अजिबात नाही. घरचे कुरकुरतील, तेव्हा शेजारी ठेचा ठेवा.

तळाला जो कुरकुरीत थर धरतो, त्याला तिकडं 'तह-दीग' म्हणतात, म्हणजे पातेल्याचा तळ. आपल्याकडं भाताची खरवड लागली की सुनेला बोलणी बसतात. तिकडं तीच खरवड पाहुण्याला मानानं वाढतात.

हे सगळं आज सांगायला कारण आहे. गटाच्या स्टॉलसाठी पदार्थ ठरवताना एक प्रश्न आला. "पारंपरिक म्हणजे फक्त आपलंच ठेवायचं ना? शिरखुर्मा कशाला?" शिरखुर्मा करणाऱ्या चाची समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती पिशवी आवरायला लागल्या. मैत्रिणींनो, अशा एका वाक्यानं एका बाईची कमाई जाते आणि गटातली तिची जागाही जाते. मी एवढंच म्हटलं, की मग शंकरपाळीही काढू, पुलावही काढू, बदामही काढू. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग यादीत शंकरपाळी राहिली आणि तिच्या खाली शिरखुर्माही राहिला.

राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या. पण दम किती वेळ द्यायचा, हे सासूनं सुनेला आणि शेजारणीनं शेजारणीला तोंडीच सांगितलं. तेव्हा या आठवड्यात एक काम करा. घरातल्या थोरल्या बाईजवळ बसा, तिचा एक पदार्थ आणि तो तिला कुणी शिकवला, हे वहीत लिहून घ्या. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, आपण सगळ्या मिळून वाचू.