कमला (चित्रपट)

कमला : विजय तेंडुलकर यांच्या त्याच नावाच्या मराठी नाटकावर आधारित हिंदी चित्रपट (१९८४). दिग्दर्शक जगमोहन मुंध्रा. प्रमुख भूमिका शबाना आझमी (सरिता), दीप्ती नवल (कमला), मार्क झुबेर (जयसिंग जाधव), ए. के. हंगल (काकासाहेब) आणि सुलभा देशपांडे यांच्या. स्त्रीवरील लैंगिक हिंसेचा विषय आला की हिंदी पडदा बहुधा अत्याचाराचा प्रसंगच रंगवत बसे. ‘कमला’ची हिंसा व्यवहारात आहे. बाजारात बाईची किंमत ठरते, पत्रकार परिषदेत तिची उलटतपासणी होते आणि शेवटी तीच गोष्ट एका सुशिक्षित घराच्या दिवाणखान्यात येऊन बसते.

कथेचे मूळ वर्तमानपत्रात आहे. एप्रिल १९८१मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातील शिवपुरीजवळच्या खेड्यातली एक स्त्री २,३०० रुपयांना विकत घेतली आणि तिला दिल्लीला आणून बातमी छापली. पंजाबात म्हशीला जेवढे मोजावे लागतात त्याच्या निम्म्या किमतीत, हा हिशेब त्यांनी स्वतःच बातमीत मांडला होता. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या चंबळच्या पट्ट्यातला हा व्यापार. मराठी वाचकाला हा मुलुख परका वाटू नये: शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्यातली राजधानी होती.

तेंडुलकरांनी त्याच वर्षी नाटक लिहिले, पण बातमीचे नाट्यरूपांतर करण्यात त्यांना रस नव्हता. बाजार त्यांनी तेव्हाच्या बिहारातल्या लोहारडग्याला हलवला, किंमत अडीचशेवर आणली आणि खरेदी करणाऱ्या पत्रकाराला बायको दिली. ही बायको, फलटणहून दिल्लीला आलेली सरिता, नाटकाचे केंद्र ठरली. मराठी रंगभूमीवर ही भूमिका लालन सारंग यांनी केली.

जयसिंग हा खलनायक नाही, यातच लेखनाची धार आहे. गुलामी उघडकीस आणायची त्याची तळमळ खोटी नाही. पण विकत आणलेल्या कमलेला अंघोळ करायला, धड लुगडे नेसायला तो मनाई करतो, कारण पुरावा मळकाच हवा. पत्रकार परिषदेला ती कशाला चालली आहे हे तो तिला सांगत नाही. परिषदेत तिला तिच्या शरीरसंबंधांविषयी किळसवाणे प्रश्न विचारले जातात. नाटकात ही परिषद रंगमंचावर येतच नाही. जयसिंग आणि त्याचा मित्र जैन ती घरी येऊन हसत-खिदळत सांगतात. जुन्या वळणाचे संपादक असलेले काकासाहेब ऐकून अस्वस्थ होतात, आणि ऐकणाऱ्या सरितेला जे ऐकू येते ते या दोघांना कधीच कळत नाही.

मग रात्री कमला सरितेला विचारते, की तुला मालकाने केवढ्याला घेतले. तिच्या दृष्टीने हा दोन खरेदी केलेल्या बायकांमधला साधा चौकशीचा प्रश्न आहे. त्यापुढे ती घरकामाची आणि मालकाची महिन्यातून पंधरा-पंधरा दिवसांची वाटणीही सुचवते. मराठी नाटकात नवऱ्याला शिव्या देणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या. लग्नाच्या व्यवहारावर इतका निरागस आणि म्हणून इतका निर्दय शेरा क्वचितच कोणी मारला असेल.

शेवटाबद्दल मतभेद आहेत. वृत्तपत्राच्या मालकावर दडपण येते आणि जयसिंगची नोकरी जाते. आपणही एक पत्रकार परिषद घेऊन या माणसाला जगासमोर उभा करावा, असे म्हणणारी सरिता कोसळलेल्या नवऱ्याजवळ थांबते, मात्र कायमची नाही, हे मनाशी पक्के करून. इब्सेनची नोरा दार लावून निघून जाते. तिच्याशी तुलना करणाऱ्यांना हे थांबणे कच खाल्ल्यासारखे वाटते. पण दिल्लीच्या बंगल्यातल्या फलटणच्या मुलीने १९८१ साली तडकाफडकी बाहेर पडणे अधिक खोटे वाटले असते. खरी उणीव दुसरी आहे: कमला आश्रमात पाठवली जाते आणि कथाही तिला विसरते.

चित्रपट आला तो काळ तापलेला होता. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हाची. ‘कमला’त संमतीचा प्रश्न कोणी विचारतच नाही, ना विकणारा, ना घेणारा.

प्रदर्शनाच्या सुमारास ‘इंडियन एक्सप्रेस’ने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: बातमी आमची, म्हणून गोष्टही आमची. न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. घडलेल्या घटनेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, तो असतो ती मांडण्याच्या पद्धतीवर. शिवाय नाटकाचे प्रयोग चालू असताना वृत्तपत्राने हरकत घेतली नव्हती. हा निकाल (ए. आय. आर. १९८५, मुंबई २२९) स्वामित्वहक्काच्या वर्गात आजही शिकवला जातो. वाद वृत्तपत्र आणि चित्रपटवाले यांच्यातला होता. जिच्या विक्रीवरून तो पेटला ती बाई त्यात पक्षकार नव्हती.

मुंध्रा (१९४८–२०११) नागपुरात जन्मलेले, आयआयटी मुंबईचे अभियंते. ‘कमला’नंतर ते अमेरिकेत ‘नाइट आइज’सारखे स्त्रीदेहावरच गल्ला जमवणारे थरारपट काढू लागले. विरोधाभास खराच, पण ते जुन्या विषयाकडे परतलेही. राजस्थानातील भटेरी गावच्या साथिन (सरकारी महिला विकास योजनेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या) भंवरीदेवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडले, आणि त्यावर ‘बवंडर’ (२०००) आला, नंदिता दास यांच्या भूमिकेसह. याच प्रकरणातून पुढे आलेल्या याचिकेवर १९९७ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे दिली गेली आणि २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा त्यांवर उभा राहिला. ‘प्रोव्होक्ड’मध्ये (२००६) मुंध्रा यांनी छळणाऱ्या नवऱ्याला जाळणाऱ्या, ब्रिटनमधल्या किरणजीत अहलुवालिया यांची कहाणी घेतली, ती भूमिका ऐश्वर्या राय यांनी केली.