मोलकरणीच्या पगाराची वही

भगिनींनो, ह्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी थोडी गडबडूनच गेले. लढाया आणि तह ह्यांच्याशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. पण त्याच आठवड्यात माळ्यावरची ट्रंक आवरताना सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्या हाती आल्या, आणि वाटले, इतिहास केवळ गडकोटांचाच असतो असे थोडेच आहे? आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या पगारालाही इतिहास आहे, आणि तो आपणच लिहीत आलो आहोत. बरा किंवा वाईट.

त्यातली एक वही 1957 सालची आहे. त्या वर्षीच्या 1 एप्रिलला दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे आणे 16 होते. त्या दिवसापासून रुपयाचे 100 नये पैसे झाले. मार्चचा पगार सासूबाईंनी एप्रिलमध्ये दिला. नोंद अशी आहे: भांडी-धुणे, ठरलेले 6 रुपये, खाडे दोन, वजा 6 आणे, बाकी 5 रुपये 10 आणे. मग दहा आण्यांचे नये पैसे किती, हा प्रश्न आला. हिशेबाने होतात साडेबासष्ट. पण अर्धा नया पैसा सोडून द्यावा असा नियम असल्यामुळे सरकारी कोष्टकात 62 होते. सासूबाईंनी आधी 5.62 लिहिले आहे, मग ते खोडून 5.65 केले आहे. बाईने विचारले असेल किंवा सासूबाईंनाच ते अर्धे नाणे खुपले असेल. काही असो, त्या खाडाखोडीकडे पाहून मला फार बरे वाटले.

पण वही पुन्हा चाळली तेव्हा एक गोष्ट खटकली. पै-पैचा हिशेब असूनही त्यात बाईचे नाव कुठेच नाही. सगळीकडे नुसते ‘भांडीवाली’. तिची सही नाही, अंगठाही नाही. हिशेब चोख होता, पण तो एकाच बाजूचा होता.

तसे पाहता हिशेब ठेवण्यात आपण कधीच मागे नव्हतो. पेशव्यांच्या दप्तरात रोजकीर्दी आहेत, आणि शागीर्दपेशाच्या, म्हणजे वाड्यावरच्या नोकरचाकरांच्या, वेतनाच्या नोंदीही आहेत. परंतु त्याच काळी मोठ्या घरांतून कुणबिणी होत्या. त्यांची खरेदी-विक्री होई. त्यांना पगार नव्हता, फक्त अन्नवस्त्र होते. 1843 च्या कायद्याने गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला. ‘मोलकरीण’ हा शब्द आज आपल्याला कमीपणाचा वाटतो, आणि वापरू नये हेच बरे. पण त्याचा अर्थ पाहा. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. कुणबिणीला मोल होते ते तिच्या देहाचे. हिला मोल मिळते ते तिच्या श्रमाचे. केवढा हा फरक! आणि हे मोल कागदावर नीट लिहिले नाही, तर तो फरक निम्मा पुसला जातो.

स्वातंत्र्यानंतर 1948 साली किमान वेतनाचा कायदा झाला. त्यात नेमून दिलेल्या धंद्यांच्या मालकांना वेतनाची नोंदवही ठेवणे भाग पडले. घरकाम मात्र त्या मूळ यादीत नव्हते. घर म्हणजे काही कारखाना नव्हे, असे आपण म्हणत राहिलो. पुढे 1980 साली आपल्या पुण्यातल्या मोलकरणींनी काम बंद ठेवले. पगारवाढ हवी, हक्काची सुट्टी हवी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्या दिवसांत खरकट्या भांड्यांचा ढीग पाहून आमच्या आळीत झालेला त्रागा मला आठवतो. पण खाडे कापायची वही आपल्याकडे असते आणि सुट्टी मागायची वही त्यांच्याकडे नसते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

आता माझीच चूक सांगते. सासूबाईंसारखी वही मी कधी ठेवली नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी ‘खा’ लिहायचे, म्हणजे खाडा, एवढीच माझी पद्धत. 2018 च्या जूनमध्ये आमच्या मावशींनी मुलीच्या फीसाठी 6000 रुपयांची उचल घेतली. दरमहा 500 प्रमाणे बारा हप्ते कापायचे ठरले आणि जुलैपासून कापू लागले. डिसेंबर संपला, जुनी दिनदर्शिका रद्दीत गेली. तिच्यावरचे सहा हप्ते मला चारच आठवले. म्हणून पुढच्या वर्षी जूनमध्ये बारा हप्ते पुरे झाले, तरी जुलै आणि ऑगस्टमध्ये मी आणखी दोन कापले.

मावशी दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, “वहिनी, बारा झाले होते.” मी म्हटले, “असं कसं होईल? माझ्याकडे लिहिलेलं आहे.” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीची शाळेची वही घेऊन आल्या. तिच्या शेवटच्या पानावर मुलीने प्रत्येक हप्ता तारखेसह लिहून ठेवला होता. माझ्याकडे लिहिलेले होते म्हणे! ते तर केव्हाच रद्दीवाल्याकडे पोचले होते. हजार रुपये मी तिथल्या तिथे परत केले, पण तो दिवसभर तोंडाला चव नव्हती. ती मुलगी नसती तर मी आयुष्यभर स्वतःला चोख समजत राहिले असते.

दुसरी गोष्ट ह्याहून जड आहे. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची त्याखाली नोंदणी होते. अर्जासोबत कामाच्या घरचा दाखला लागतो. मावशींनी एकदा तो मागितला होता. “बघू,” म्हणून मी विषय टाळला. कागदावर सही केली की उगीच काहीतरी मागे लागेल, अशी धास्ती. पुढे टाळेबंदी आली, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये सरकारने नोंदणी झालेल्या घरकामगारांना 1500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले. मावशींची नोंदणी नव्हती. आमच्या घरी वीस वर्षे राबलेल्या बाईकडे तसे सांगणारा एक चिटोराही नव्हता.

2011 च्या जूनमध्ये जिनीव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांविषयी करार आणि शिफारशी संमत केल्या. त्यांतली एक शिफारस आपल्या कामाची आहे: पगार देताना एकूण रक्कम किती, काय कापले आणि कशासाठी, हे समजेल असे लिहून द्यावे. हे आपल्याला अवघड नाही. आमच्याकडे आता दोन वह्या आहेत, एक माझी, एक मावशींची. महिना, ठरलेला पगार, भरपगारी सुट्ट्या, खाडे, उचल, फिटलेले हप्ते, हाती दिलेली रक्कम आणि तारीख असे रकाने आखले आहेत. दिवाळीचे पोस्त वेगळ्या पानावर, म्हणजे ते पगारात मिसळत नाही. दोन्ही वह्यांत दोघींच्या सह्या होतात. मोबाईलवरून पैसे पाठवणाऱ्या मैत्रिणींनीही वही ठेवावी. रक्कम किती गेली हे मोबाईल सांगतो, पण काय कापले आणि का, हे तो सांगत नाही.

दाखलाही मी लिहून दिला, उशिरा का होईना. वहीच्या पहिल्या पानावर मावशींचे पूर्ण नाव लिहिले आहे. ते लिहिताना मला त्यांना विचारावे लागले, हे सांगायलाही लाज वाटते.

मैत्रिणींनो, चाळीस-पन्नास रुपयांत दोन वह्या येतात. येत्या पहिल्या तारखेला आणाल ना?