धावती नजर आणि घाटकोपरचा महामार्ग

रस्त्याकडेच्या ज्या शिल्पाचा प्रेक्षक मोटारीत बसलेला असतो, त्याची आखणी चौकातल्या पुतळ्याहून वेगळी करावी लागते. चौकात माणूस थांबतो, पुतळ्याला वळसा घालतो, चबुतऱ्यावरची अक्षरे वाचतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणजे २०० मीटरवरून दिसलेली वस्तू १२ सेकंदांत मागे पडते. एवढ्या वेळात चेहऱ्यावरचे भाव किंवा वस्त्राच्या चुण्या टिपता येत नाहीत. लक्षात राहते ती आकाशावर उमटलेली बाह्याकृती. म्हणून अशी रचना मोठी, उंच आणि दुरूनच ओळखू येईल अशी करतात. रचना जितकी मोठी, तितका तिच्यावर वारा जास्त. त्यामुळे आकाराइतकाच विचार पायाचाही करावा लागतो.

अशा रचनेचा एक मोठा प्रयोग १९६८च्या ऑलिंपिकच्या वेळी मेक्सिको सिटीत झाला. मातिआस गोएरित्स यांच्या कल्पनेतून वळणमार्गाच्या १७ किलोमीटर लांबीवर १९ काँक्रीट शिल्पे अंतराअंतराने उभी राहिली. इंग्लंडमधील गेट्सहेड येथे १९९८मध्ये अँटनी गॉर्मली यांचे ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ उभारले गेले. हे शिल्प २० मीटर उंच असून त्याच्या पंखांचा विस्तार ५४ मीटर आहे. ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा सोसता यावा, म्हणून ते जमिनीखालच्या खडकापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर रोवले आहे.

धावत्या नजरेचा आणि वाऱ्याचा हाच प्रश्न मुंबईच्या घाटकोपर उपनगरातही आहे. तिथला जुना हमरस्ता म्हणजे आग्रा रोड, आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग. तो रेल्वेच्या पश्चिमेकडून, बाजार आणि वस्तीमधून जातो. रेल्वेच्या पूर्वेकडचा पूर्व द्रुतगती महामार्ग शीव ते ठाणे असा मुख्यतः वाहनांसाठी बांधलेला आहे. २०१४मध्ये पूर्व मुक्त मार्गाचा घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंतचा टप्पा आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता खुला झाला. पुढे छेडानगर नाक्यावर उड्डाणपूल आले. वाहने वाढली, वळणे वाढली आणि पाहणाऱ्याच्या नजरेची पातळीही उंचावली.

याच महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. तिथला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा वाहनचालकांसाठी घडवलेला नव्हता. तो रहिवाशांच्या रोजच्या वंदनासाठी आणि जयंतीच्या सोहळ्यासाठी होता. ११ जुलै १९९७च्या सकाळी त्या पुतळ्याची चपलांच्या हाराने विटंबना झाल्याचे उघड झाले आणि संतप्त रहिवासी महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जणांचा मृत्यू झाला. चौकशीसाठी न्या. गुंडेवार आयोग नेमण्यात आला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकाला २००९मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा ठोठावली. महामार्गावरून जाणाऱ्याला क्षणभर दिसणारा हा पुतळा वस्तीच्या मानाचे ठिकाण होता. त्याचे मोल आकारमानावर अवलंबून नव्हते.

छेडानगरजवळ पेट्रोल पंपाशेजारी उभारलेल्या होर्डिंगची सारी मांडणी याच्या उलट होती. त्याच्यापाशी थांबण्याचे कोणाला कारण नव्हते. दुरून दिसणे हेच त्याचे काम. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट अशी होती. हे होर्डिंग १२० फूट बाय १२० फूट, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट होते. ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्‌स’मध्येही त्याची नोंद झाली होती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली असल्याने त्यांची मंजुरी घेतली गेली; महापालिकेची परवानगी मात्र नव्हती. होर्डिंग वाहनांतून स्पष्ट दिसावे म्हणून रस्त्याकडेची झाडे रसायन घालून मारल्याची तक्रारही महापालिकेने पोलिसांत केली होती.

१३ मे २०२४ रोजी दुपारनंतर वादळी वारा सुटला आणि हे होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले. १७ जणांचा मृत्यू झाला आणि ७०हून अधिक जण जखमी झाले. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांच्या तपासणीत पाया अपुरा ठरला. मुंबईतील बांधकामासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरावा लागतो. होर्डिंगचा पाया जेमतेम ताशी ४९ किलोमीटर वेग सोसण्याजोगा होता. त्या दिवशी वारा ताशी ८७ किलोमीटरपर्यंत गेला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ४९ आणि १५८ यांतला कागदावर तिपटीचा दिसणारा फरक दाबाच्या हिशेबात सुमारे दहापट होतो. गेट्सहेडच्या शिल्पासाठी वाऱ्याचा धरलेला वेग आणि मुंबईसाठी ठरलेला वेग जवळपास सारखेच आहेत. तिथे खर्च जमिनीखालच्या खांबांवरही झाला. घाटकोपरला आकार वाढला, पाया तोकडा राहिला.

दुर्घटनेनंतर राज्य सरकारने अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि महापालिकेने जाहिरात फलकांचे नवे धोरण हाती घेतले. दरम्यान, छेडानगर ते ठाण्यातील आनंदनगर असा उन्नत मार्ग आखण्यात आला आणि त्यासाठी रमाबाई नगरच्या पुनर्वसनाचे काम सुरू झाले. हा मार्ग झाला, की वाहनचालकाची नजर आणखी वर जाईल आणि रस्त्याकडेच्या रचनांची उंची वाढवण्याचा मोहही वाढेल. त्या उंचीला परवानगी देताना फलकाच्या मापाबरोबर पायाची खोली, वाऱ्याचा हिशेब आणि जागेचा मालक कोणीही असला तरी लागू होणारा एकच नियम, एवढ्या गोष्टी तपासणे घाटकोपरच्या अनुभवाने अपरिहार्य ठरवले आहे.