उघड्या मोटारीच्या सांगाड्याचे मजबुतीकरण

उघड्या मोटारीच्या सांगाड्याचे मजबुतीकरण : टप दुमडता येणाऱ्या जुन्या मोटारगाडीचा गंजलेला किंवा ढिला पडलेला सांगाडा पत्रेकाम व वेल्डिंग करून पुन्हा ताठ करणे. हे काम अनेकदा मालकाच्या घरच्या गॅरेजातच चालते. बंद गाडीत टप, खांब, तळ व बाजू मिळून एक पेटी होते. टप नसला की ही पेटी उघडी पडते आणि पीळ सोसण्याचे बरेचसे काम दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर येते. सिल कुजली की खड्ड्यातून जाताना डॅशबोर्ड थरथरतो, दार आपटल्याशिवाय लागत नाही. गाडी मध्ये बसली असेल तर दाराच्या मागची फट वरच्या बाजूस मिटते व खाली फाकते.

तत्त्व : पातळ पत्र्याच्या बंद नळीचा पिळाविरुद्धचा ताठरपणा पत्र्याच्या जाडीच्या आणि नळीने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर परिमितीच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्याच नळीला लांबीभर चीर पडली की हा ताठरपणा कित्येक पटींनी घसरतो. गंजाने सुटलेला सांधा ही अशीच चीर असते. त्यामुळे तळाला जाड पट्ट्या ठोकण्यापेक्षा मूळ पेटी पुन्हा बंद करणे अधिक गुणकारी ठरते. हौशी मंडळींचा ओढा मात्र पट्ट्यांकडेच असतो, कारण त्या दिसतात.

एमजीबी रोडस्टर : या विषयावर बरेच लिहिले गेले ते या ब्रिटिश गाडीबद्दल. तिचे उत्पादन १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे झाले. सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली तिची रचना झाली. आधीच्या एमजीएला स्वतंत्र चौकट होती. एमजीबीत पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. टपबंद जीटी १९६५ मध्ये आली.

एमजीबीची सिल एका पत्र्याची नाही. बाहेरचा रंगीत पत्रा, मधोमध उभा पडदा, आतली भिंत आणि खाली तळाच्या कडेशी जोडलेली किल्ल्याच्या तटासारखी खाचांची पट्टी (कॅसल रेल) असे तिचे भाग आहेत. बाहेरचा पत्रा दाराच्या लांबीत संपत नाही, तो पुढच्या व मागच्या मडगार्डाखाली शिरतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डामागे साचतो व मधला पडदा तेथूनच कुजू लागतो. पुढचे मडगार्ड बोल्टांवर असल्याने निघते. मागचे वेल्ड केलेले असल्याने त्याची खालची कड कापावी लागते. ही कटकट टाळून फक्त दिसणाऱ्या भागावर नवा पत्रा चढवलेल्या गाड्या बाजारात येतात. त्यांची सिल आतून कुजलेलीच असते. टाचणीच्या टोकाने रंग टोचून पाहणाऱ्याला हे कळत नाही. पुढचे मडगार्ड उतरवले तर कळते.

पद्धती : वेल्डिंग होताना सांगाडा ज्या आकारात असेल त्याच आकारात कायमचा जखडला जातो, म्हणून कापाकापीआधी त्याला आधार देणे हे मुख्य काम. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळी तात्पुरती वेल्ड करतात, कर्णांची मापे खडूने तळावरच लिहून ठेवतात आणि एका वेळी एकच बाजू उघडतात. गाडी चाकांवर उभी ठेवावी की स्टँडवर, याबद्दल एकमत नाही. नवा पत्रा आधी टाचून, दार लावून फट पाहिली जाते. मगच पूर्ण वेल्ड. पत्रा सुमारे १ मिमी जाडीचा असल्याने मिग वेल्डिंगचे छोटे टाके एकदा पुढे, एकदा मागे असे घालतात. सलग ओढले तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. मूळचे स्पॉट वेल्ड जिथे होते तिथे भोक पाडून ते वेल्डने भरतात. बॅटरीची जोडणी आधी सोडणे आवश्यक. एमजीबीत १९७४ पर्यंत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. पेट्रोलची नळीही तळाखालूनच जाते, म्हणून तिलाही ठिणग्यांपासून जपावे लागते. काम संपल्यावर सिलच्या पोकळीत मेण फवारतात व निचऱ्याच्या खाचा मोकळ्या ठेवतात.

ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे बनवण्यास सुरुवात केली. सिल, तळ आणि मागच्या स्प्रिंगांचे आधार असे सगळेच गेलेले असेल तर घरच्या कामापेक्षा हा मार्ग श्रेयस्कर, असे अनेक जाणकार मानतात.

ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून, मोठे फेरफार नसलेल्या ४० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींना वार्षिक एमओटी (वाहनयोग्यता) चाचणीतून सूट आहे. घरी केलेले वेल्डिंग तपासणारी त्रयस्थ नजर त्यामुळे बंधनकारक उरली नाही. ही सोय म्हणावी की गैरसोय, याबद्दल दुमत आहे.

इतर गाड्या : फोर्ड मस्टँगच्या उघड्या आवृत्तीत (१९६४ पासून) कारखान्यातूनच जाड अंतर्गत सिल व टॉर्क बॉक्स (सिलला तळाच्या दांड्यांशी जोडणाऱ्या पत्र्याच्या पेट्या) दिलेले असत. तिच्या इंजिनाच्या खणात आडवा दांडा बसवतात, त्याला माँटे कार्लो बार म्हणतात. माझ्दा एमएक्स-५ (१९८९) च्या तळाखालच्या पट्ट्या जॅकने चेपतात. त्यांवर इंग्रजी यू आकाराचे जाड आवरण बसवले जाते.

रोल-बार : सुरक्षेसाठी, ताठरपणात भर थोडी.

भारत : मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने बनवलेली हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्डची आवृत्ती. तिला स्वतंत्र चौकट असल्याने टप नसल्याचा फटका कमी बसतो. तेथे चौकटीचे बाहेर आलेले हात तपासावेत. जीपची गोष्टही तीच. प्रीमियर पद्मिनीसारख्या पत्र्याच्या सांगाड्याच्या गाडीचा टप कापल्यास मात्र सिल आधी भक्कम करावी लागते, आणि अशा बदलाला मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते.